सोलापुरातील एका करिअर मार्गदर्शन केंद्राचा अनुभव: साडेचार हजार रुपयांत नेमके काय मिळाले

गेल्या वर्षी दिवाळीनंतर मी माझ्या धाकट्या भावाला घेऊन होटगी रोडवरील एका खासगी करिअर मार्गदर्शन केंद्रात गेले. केंद्राची फी ४,५०० रुपये होती. त्यात अभियोग्यता व अभिरुची चाचणी, तिचा छापील अहवाल आणि सहा महिन्यांत घ्यावयाच्या चार बैठका यांचा समावेश होता. त्यांपैकी तीन बैठका झाल्या आहेत. केंद्राचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण या लेखात त्यांच्या काही उणिवा आहेत आणि एका कुटुंबाच्या अनुभवावरून कोणाच्या व्यवसायावर शिक्का मारणे मला योग्य वाटत नाही. मात्र अशी सेवा घेताना काय पाहावे, हे आम्हाला आधी कोणी सांगितले असते तर आमचे काही महिने आणि काही पैसे वाचले असते. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

भावाची परिस्थिती आधी सांगते, कारण सोलापुरातल्या पुष्कळ घरांत ती थोड्याफार फरकाने सारखीच असेल. त्याने २०२३ मध्ये रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. केले आणि त्यानंतर दोन वर्षे तो शहरातल्या एका अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षांची तयारी करत होता. सुरुवात पोलीस भरतीने झाली, मग संयुक्त परीक्षा आली, मग राज्यसेवा. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, तेव्हा आपली आतापर्यंतची वस्तुनिष्ठ प्रश्नांची तयारी अपुरी पडणार हे त्याच्या लक्षात आले, पण ते त्याने घरी कोणाला सांगितले नाही. वडील यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालते ठेवणारे कारागीर, होते आणि आता गुडघ्यांमुळे घरी असतात. घर माझ्या पगारावर आणि आईच्या शिवणकामावर चालते. मी स्वतः टॉवेल बनवणाऱ्या एका कारखान्यात हिशेबाचे काम करते, त्यामुळे पगारपत्रक कसे वाचायचे हे मला कळते. कोणत्या मुलाने कोणती दिशा धरावी, हे मात्र मला कळत नव्हते.

या केंद्राच्या आधी आम्ही आणखी एका ठिकाणी गेलो होतो. तेथे भावाच्या दहाही बोटांचे ठसे यंत्रावर घेऊन त्यावरून बुद्धिमत्तेचे प्रकार आणि योग्य व्यवसाय सांगणारा रंगीत अहवाल देण्यात आला. त्यासाठी आम्ही ३,००० रुपये दिले. बोटांच्या ठशांवरून कल किंवा क्षमता ओळखता येते, याला कोणताही शास्त्रीय आधार नाही, हे मला नंतर समजले. आपल्याकडे करिअर समुपदेशक म्हणून पाटी लावण्यासाठी कोणताही सक्तीचा परवाना लागत नाही. त्यामुळे समोरची व्यक्ती काय शिकली आहे आणि चाचणी कोणी, कोणत्या वयोगटावर प्रमाणित केली आहे, हे प्रश्न पालकांनीच विचारावे लागतात. होटगी रोडच्या केंद्रात आम्ही ते विचारले. मार्गदर्शक मॅडमनी मानसशास्त्रातील आपली पदव्युत्तर पदवी दाखवली, चाचणीची माहितीपुस्तिका समोर ठेवली आणि अर्धा तास शांतपणे उत्तरे दिली. आमचा विश्वास बसला तो या अर्ध्या तासामुळे.

चाचणी साधारण तीन तासांची होती. एका भागात शाब्दिक, संख्यात्मक, यांत्रिक आणि अवकाशीय क्षमता तपासल्या गेल्या. दुसरा भाग आवडीनिवडींचा होता आणि तो जॉन हॉलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या सहा प्रकारांवर आधारलेला होता. प्रत्यक्ष हाताने काम करणारा, शोध घेणारा, कलेकडे ओढ असणारा, माणसांत रमणारा, पुढाकार घेणारा आणि नियमाने नीटनेटके काम करणारा, असे ते सहा प्रकार. भावाच्या उत्तरांत शोध घेणे आणि नियमाने काम करणे या दोन बाजू ठळक निघाल्या. तो दहावीला असताना, २०१८ मध्ये, राज्य मंडळाची कल चाचणी होत असे. तिच्यात त्याचा कल गणवेशधारी सेवांकडे निघाला होता आणि त्या एका ओळीवर आमच्या घराने पुढची सात वर्षे विश्वास ठेवला होता. दोन्ही निकालांत एवढा फरक कसा, असे मी विचारले तेव्हा मॅडम म्हणाल्या की पंधराव्या वर्षीची आवड ही पुष्कळदा पाहिलेल्या कामांची आवड असते, आणि त्या वयात मुलाने पाहिलेली कामे फार थोडी असतात. हे उत्तर मला पटले.

अहवालाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. तो अठ्ठावीस पानांचा आणि पूर्ण इंग्रजीत होता. त्यातील चार-पाच पाने भावाच्या गुणांविषयी होती आणि बाकीची पाने कोणालाही लागू पडतील अशा सर्वसाधारण मजकुराची होती. सुचवलेल्या व्यवसायांच्या यादीत न्यायवैद्यक शास्त्रज्ञ, पेटंट विश्लेषक आणि सुगंधद्रव्य तज्ज्ञ अशी नावे होती. ती चुकीची आहेत असे नाही, परंतु सोलापुरात राहणाऱ्या, दोन वर्षे घरी बसलेल्या आणि येत्या सहा महिन्यांत कमावणे भाग असलेल्या मुलाने त्या यादीचे काय करायचे, हे अहवालात कोठेच नव्हते. वडिलांनी तो हातात घेतला, दोन पाने उलटली आणि परत दिला. ज्या माणसाच्या संमतीशिवाय आमच्या घरात कोणताही निर्णय होत नाही, त्याला तो कागद वाचता आला नाही, ही या सेवेतील सर्वांत मोठी त्रुटी मी मानते.

आता बैठकांविषयी. माझ्या मते फीचे पैसे वसूल झाले ते येथेच.

पहिल्या बैठकीत मॅडमनी अहवाल बाजूला ठेवला आणि भावाला एक वही काढायला सांगितली. घरात दरमहा किती पैसे येतात, अभ्यासिकेचे, पुस्तकांचे आणि परीक्षा अर्जांचे किती जातात, आणि घर त्याला आणखी किती महिने सांभाळू शकते, हे त्याने माझ्यादेखत लिहिले. शेवटचा आकडा मला माहीत होता, त्याला नव्हता. तो आकडा आठ महिन्यांचा होता. त्याला वाईट वाटेल म्हणून आम्ही पैशांचा विषय त्याच्यापासून दूर ठेवला होता आणि त्यामुळे तो ज्या वेळापत्रकावर चालला होता, ते आमच्या घराचे वेळापत्रकच नव्हते.

दुसऱ्या बैठकीत पगाराचे गणित झाले. भावाच्या एका मित्राला पुण्याजवळ एका रासायनिक कारखान्यात वर्षाला २ लाख ४० हजारांची नोकरी लागली होती, आणि भाऊ त्याला दरमहा वीस हजार मिळतात असे धरून चालला होता. मॅडमनी ते पॅकेज फळ्यावर उलगडले. मूळ वेतन १२,००० रुपये धरले तर भविष्य निर्वाह निधीतील कंपनीचा १२ टक्के वाटा, म्हणजे १,४४० रुपये, त्या वीस हजारांतच मोजलेला असतो. ग्रॅच्युइटीचे साधारण ४.८१ टक्केही त्यातच असतात आणि कर्मचारी राज्य विम्यातील कंपनीचा ३.२५ टक्के वाटाही त्यातच. मग कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या वाट्याचे १,४४० रुपये, विम्याचे ०.७५ टक्के आणि व्यवसाय कराचे २०० रुपये वजा होतात. हातात साडेपंधरा हजारांच्या आसपास उरतात. त्यातून कॉटबेसिसवरची जागा, मेस, रोजचा प्रवास आणि महिन्यातून एकदा सोलापूरला येणे हे सगळे काढल्यावर भावाच्या हिशेबात साडेपाच हजार रुपये शिल्लक राहिले. घरी राहून चिंचोळी एमआयडीसीत साडेबारा हजार हातात आले आणि जाण्यायेण्याला दोन हजार गेले, तर साडेदहा हजार राहतात. एवढ्यावरच थांबून मॅडमनी सोलापूरच बरे असे सांगितले असते तर तो अर्धवट सल्ला ठरला असता. त्यांनी पुढे विचारले की दोन वर्षांनी कोणत्या जागी तुझ्या हातात अधिक कौशल्य असेल? पुण्याच्या बाजूच्या कारखान्यात एचपीएलसीसारख्या, मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या उपकरणावर बसायला मिळत असेल आणि येथे नुसते नमुने वाहून न्यावे लागत असतील, तर आजचे पाच हजार वाचवणे महागात पडू शकते. उलट स्थिती असेल तर उलट निर्णय घ्यायचा. हिशेबाचे काम करणाऱ्या मलाही पगाराकडे असे पाहणे नवे होते.

त्यानंतर त्यांनी भावाला एक काम दिले. तिसऱ्या बैठकीपर्यंत त्याने रसायनशास्त्राची पदवी घेऊन काम करणाऱ्या तीन माणसांना प्रत्यक्ष भेटायचे, नोकरी मागायची नाही, फक्त त्यांचा कालचा दिवस सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसा गेला ते विचारायचे आणि लिहून आणायचे. या एका कामाने जे झाले ते अठ्ठावीस पानांच्या अहवालाने झाले नाही.

पहिली भेट आमच्या गल्लीतल्या एका काकांशी झाली. ते जिल्ह्यातील एका साखर कारखान्यात लॅब केमिस्ट आहेत. गाळप सुरू असताना प्रयोगशाळा तिन्ही पाळ्यांत चालते, रसाचे नमुने ठरलेल्या वेळेला येत राहतात, ब्रिक्स (रसात विरघळलेले एकूण घनपदार्थ) आणि पोल (त्यातील साखर) काढायचे, बगॅसमध्ये (उसाच्या चिपाडात) आणि मळीत किती साखर वाया जाते ते पाहायचे, आणि त्या आकड्यांवर कारखान्याचा साखर उतारा ठरतो, असे त्यांनी सांगितले. हंगाम संपला की हंगामी कामगाराला घरी बसावे लागते, आणि बिगरहंगामात मिळणारा रिटेन्शन भत्ता पूर्ण पगाराइतका नसतो, हेही त्यांनी लपवले नाही. पुढे जायचे असेल तर पुण्याजवळ मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये साखर तंत्रज्ञानाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करून मॅन्युफॅक्चरिंगकडे वळावे लागते. सोलापूर जिल्हा साखर कारखान्यांचा म्हणून ओळखला जातो आणि आम्ही लहानपणापासून उसाच्या ट्रॉल्यांमागे सायकली थांबवत आलो आहोत, तरी त्या कारखान्यात रसायनशास्त्राच्या पदवीधराची जागा असते, हे आमच्या घरात कोणी बोलले नव्हते.

दुसरी भेट चिंचोळीतील औषधांचे मूळ घटक बनवणाऱ्या एका कारखान्यातल्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) विभागात काम करणाऱ्या, भावाच्याच महाविद्यालयातून चार वर्षे आधी बाहेर पडलेल्या मुलीशी झाली. तिने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी की मुलाखतीत कंपनीच्या रोलवर घेणार की कंत्राटदाराकडून, हे सरळ विचारायचे आणि नियुक्तिपत्रावर कोणाचे नाव आहे ते पाहायचे. दुसरी अशी की मुलाखतीत पुस्तकातली व्याख्या विचारत नाहीत, ब्युरेट (थेंबथेंब द्रावण सोडणारी मोजनळी) हातात देतात. भावाचे बी.एस्सी.चे पहिले वर्ष करोनाच्या काळात मोबाईलवर गेले होते. प्रात्यक्षिके त्याने चित्रफितीत पाहिली होती, आणि पुढच्या वर्षांत टायट्रेशन (ब्युरेटने द्रावणाचे प्रमाण मोजण्याचा प्रयोग) गटात होत असल्याने स्वतःच्या हाताने अचूक अंत्यबिंदू, म्हणजे रंग बदलतो तो नेमका थेंब, त्याने फार थोड्या वेळा गाठला होता. हे त्याने त्या मुलीसमोर मान्य केले आणि घरी येऊन मला सांगितले. दोन वर्षांत स्वतःविषयी त्याने इतके मोकळेपणाने काही सांगितल्याचे मला आठवत नाही.

तिसरी भेट मात्र मला जुळवून द्यावी लागली, आणि येथे केंद्राची दुसरी उणीव दिसली. सोलापुरी चादर आणि टॉवेल सर्वांना माहीत आहेत, पण सूत रंगवण्याचे खाते हे रसायनशास्त्राचेच काम आहे, हे मॅडमना फारसे ठाऊक नव्हते. मी ज्या कारखान्यात काम करते तेथील डायिंग मास्टरांकडे मी भावाला पाठवले. ग्राहकाने पाठवलेल्या तुकड्याशी रंगछटा जुळवणे, रिअॅक्टिव्ह रंगांसाठी मीठ आणि सोडा ॲश किती व केव्हा घालायचे ते ठरवणे, पाण्याचा जडपणा तपासणे आणि धुतल्यावर रंग किती टिकतो याची चाचणी घेणे, ही त्यांची रोजची कामे. अनुभवी मास्टर आता वयस्कर होत चालले आहेत आणि नोंदी ठेवून, मोजमाप करून काम करणारी तरुण मुले त्यांना हवी आहेत, असे ते स्वतः म्हणाले. येथे पगार सुरुवातीला कमी असतो आणि खात्यात उकाडा व वाफ असते. मात्र हे काम शहरातच आहे आणि शिकवणारा माणूस समोर उभा आहे. सोलापुरात बसून मार्गदर्शन करणाऱ्या केंद्राला सोलापूरच्या सुताची एवढी तरी माहिती असायला हवी होती. तीच गोष्ट डाळिंबाची. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, निर्यातीच्या फळांत कीटकनाशकांचे अंश किती हे प्रयोगशाळेत तपासावे लागते, आणि या साखळीतल्या कामांचा केंद्राच्या यादीत उल्लेखही नव्हता. त्यांची यादी पुण्या-मुंबईच्या कोणत्याही केंद्रात तशीच चालली असती.

तिसरी बैठक घाईत झाली. तासाऐवजी पस्तीस मिनिटांत आम्हाला मोकळे केले गेले, कारण बाहेर दहावीच्या मुलांचे पालक थांबले होते. तरीही त्यात एक महत्त्वाचा निर्णय झाला. स्पर्धा परीक्षा सोडून दे, असे मॅडमनी भावाला सांगितले नाही. खुल्या प्रवर्गालाही राज्यसेवेसाठी ३८ वर्षांपर्यंत वयोमर्यादा आहे, म्हणून नोकरी करत परीक्षा देण्याचा मार्ग खुला राहतो, हे त्यांनी दाखवले, आणि त्याच वेळी ही मर्यादा म्हणजे ३८ पर्यंत थांबण्याची परवानगी नव्हे, असेही बजावले. त्याने स्वतः ठरवलेल्या एका परीक्षेपर्यंत सकाळचे तीन तास अभ्यास करायचा आणि उरलेला दिवस काम शिकण्याला द्यायचा, असे लेखी ठरले. वडिलांनी त्या कागदावर सही केली. तो कागद मराठीत होता.

शासकीय योजनांच्या माहितीत केंद्र कमी पडले. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन मिळते, एवढे त्यांनी सांगितले. पण हा ठरावीक मुदतीचा प्रशिक्षण कालावधी आहे, सुरुवातीला तो सहा महिन्यांचा होता आणि नंतर अकरा महिन्यांचा झाला, आणि त्यानंतर नोकरीची हमी नसते, हे आम्हाला स्वतः शोधावे लागले. शिकाऊ उमेदवारीचा तर विषयच निघाला नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाल्यापासून अभियांत्रिकीखेरीज इतर शाखांच्या पदवीधरांनाही ही वाट खुली आहे आणि २०१९ च्या सुधारित नियमांत पदवीधराला दरमहा किमान ९,००० रुपये विद्यावेतन ठरवले गेले होते. आमच्या भावासारख्या, पदवी असूनही हात न बसलेल्या मुलासाठी याहून योग्य सुरुवात मला दिसत नाही. महास्वयंम आणि राष्ट्रीय करिअर सेवा या दोन्ही पोर्टलवर नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत, जिल्ह्यातील कौशल्य विकास व रोजगार मार्गदर्शन केंद्रातही विचारपूस करता येते. साडेचार हजार रुपये घेणाऱ्या सेवेने निदान ही दारे तरी दाखवायला हवीत. शिवाय दोन बैठकांच्या मधल्या काळात पाठवलेल्या शंकांना उत्तर मिळायला कधी कधी दहा-बारा दिवस लागले, आणि नोकरी शोधणाऱ्या मुलासाठी दहा दिवस म्हणजे अर्जाची एक मुदत निघून जाणे.

गुण द्यायचे झाले तर चाचणी व अहवालाला मी पाचपैकी दोन देईन, पहिल्या दोन बैठकांना पूर्ण पाच आणि तिसरीला तीन. सल्ल्यात प्रामाणिकपणा होता. कोणत्याही शिकवणीची किंवा महाविद्यालयाची जाहिरात आमच्यापुढे केली गेली नाही आणि नोकरी लावून देण्याचे आमिषही दाखवले गेले नाही. शक्य असेल तर चाचणी वगळून फक्त बैठका घेता येतील का, असे जरूर विचारावे. आम्ही नंतर विचारले तेव्हा होय असे उत्तर मिळाले, पण तोपर्यंत पैसे भरून झाले होते. पहिल्या बैठकीला घरातील कमावत्या माणसाने आणि निर्णय घेणाऱ्या माणसाने, म्हणजे आमच्या बाबतीत मी आणि वडील, दोघांनी बसायला हवे होते. वडील तिसऱ्या बैठकीलाच आले आणि त्यामुळे घरी सारे पुन्हा समजावण्यात तीन आठवडे गेले. दहावीच्या मुलासाठी हे केंद्र कसे आहे, हे मी सांगू शकत नाही. पदवी हातात असलेल्या आणि अडकलेल्या मुलासाठी मी ते सुचवीन, मात्र शहरातल्या कामांची माहिती घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी पुरवायची तयारी ठेवून.

भाऊ सध्या दुपारी रंगखात्यात छटा जुळवायला शिकतो आणि चिंचोळीतील दोन कारखान्यांत शिकाऊ उमेदवारीसाठी त्याने अर्ज केले आहेत. टायट्रेशनचा सराव करता यावा म्हणून त्याने आपल्या जुन्या प्राध्यापकांना विचारले आणि त्यांनी शनिवारी प्रयोगशाळेत येण्याची परवानगी दिली. चौथी बैठक पुढच्या महिन्यात आहे. त्या दिवशी वडील सोबत असतील आणि अहवालातली ती चार-पाच पाने आम्हाला मराठीत मिळावीत, असे मी केंद्राला आधीच लिहून कळवले आहे.